टाकी ते टाकी

कंपनीच्या कागदावर पंचवीस पूर्णांक चार.
तो कागद मी जपून ठेवलाय,
स्थळाच्या माहितीपत्रकासारखा:
उंची, वर्ण, पगार, सगळं थोडं वाढवून.

चेंबूरात गाडी देते सोळा.
परवाच्या हिशोबात सोळा पूर्णांक पंच्याहत्तर,
चारशे बारा किलोमीटर, चोवीस लिटर सहाशे.
एसी लावला की पंधरा.
मेट्रोचे पत्रे उभे होते तेव्हा चौदाच्याही खाली.

एकतीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून
विजेचे मीटर वाचले, माझगावपासून शिवडीपर्यंत.
त्यात आडनाव टिपणीस. वही ठेवणं आलंच.
तारीख, काटा, लिटर, भाव.
टाकी तोंडोतोंड भरायची, नळी आपोआप थांबली की
आणखी दोन टिचक्या,
त्याच पंपावर, त्याच उतारावर गाडी उभी करून.
रामसकल हसतो. साहेब, दोन थेंबांनी काय होतं?
दोन थेंबांनीच होतं, रामसकल.
वीजचोरी मी असल्याच थेंबांवरून धरायचो.

ऋजुताने गाडी नेली गुरुवारी, आणली रविवारी रात्री.
म्हणाली, अंधेरीला ऑफिसचं काम होतं, मग पवई, ठाणे,
असंच इकडेतिकडे, खूप फिरणं झालं बाबा.
सहाशे चोवीस किलोमीटर.
होतात. या शहरात इकडेतिकडे म्हटलं की होतात.
मी काही बोललो नाही.

सोमवारी टाकी भरली. सत्तावीस लिटर.
पंपावरच भागाकार केला,
पुन्हा केला,
मग रामसकलच्या नळीवर संशय घेतला.
तेवीस पूर्णांक एक.

मुंबई तेवीस देत नाही.
पहाटे तीनलाही देत नाही.
तेवीस म्हणजे पाचवा गिअर, तासनतास,
तेवीस म्हणजे ऐंशीवर ठेवलेला पाय.
घाट असता तर आकडा विसावर आला असता,
म्हणजे कसारा नाही, खंडाळा नाही.
सपाट रस्ता. खाडी ओलांडून सरळ वर,
मनोर, तलासरी, वापी,
तीनशे जाऊन तीनशे येऊन.
सुरतेला आपलं कोण आहे?
आपलं कुणी नाही.

आणि ही पोर गाडी चालवते ती
ब्रेकशी जुनं वैर असल्यासारखी.
तिच्या हातात अठराच्या वर कधी गेली नव्हती, हायवेलाही.
मग इतकं हळुवार कुणासाठी?
शेजारच्या सीटवर कुणी झोपलं असेल.
मान कलंडू नये म्हणून वळण अलगद घेतलं असेल,
ट्रकला मागे टाकायचं राहू दिलं असेल.
आकड्यातून नाव कळत नाही.
मीटरमधूनही कळायचं नाही.
एवढंच कळायचं, की या महिन्यापासून
या घरात कुणीतरी वाढलंय.

जेवताना विचारलं, टायरमध्ये हवा किती होती?
तेहतीस, ती म्हणाली,
आणि कालवलेला भात पुन्हा कालवत राहिली.
चांगलं ॲव्हरेज पडलं, मी म्हटलं.
किती?
वहीत लिहिलंय.
तिने वही उघडली का, मी बघायला थांबलो नाही.

आज सकाळी गाडी काढली.
पडद्यावर: अजून आठशे बारा किलोमीटर जाईल.
इतकी लांब ती माझ्याबरोबर कधीच गेलेली नाही.
घाटल्यापासून अमर महाल, जेमतेम अडीच किलोमीटर,
तेवढ्यात आठशे बाराचे सातशे एक्क्याऐंशी.
गाडीला वाटत होतं, अजून तोच रस्ता आहे,
आणि दर खड्ड्यागणिक तिला कळत चाललं होतं.

सिग्नलला एकशे दहा सेकंद.
मी इंजिन बंद केलं.
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.